परसबागेतील जैविक कीडनियंत्रण: नागपूरच्या बाजारात मिळणाऱ्या मालाचे परीक्षण

घरामागचे काळ्या मातीचे काही वाफे आणि गच्चीवरच्या कुंड्या एवढाच ज्याचा पसारा आहे, अशा बागेत वांगी, टोमॅटो, भेंडी, चवळी, कारली, हिवाळ्यात फुलकोबी आणि बाराही महिने पालक-सांभार (म्हणजे कोथिंबीर) पिकवताना मी गेल्या काही हंगामांपासून रासायनिक कीटकनाशके बंद करून नागपुरातील कृषी सेवा केंद्रांत मिळणारी जैविक उत्पादने वापरत आहे. त्यांतील कोणते घरगुती बागेसाठी पैसे देण्यायोग्य आहे, कोणते केवळ शेतकऱ्याच्या उपयोगाचे आहे आणि कोणते दुकानातच राहू द्यावे, हे सांगण्यासाठी हे परीक्षण लिहिले आहे. यात कोणत्याही कंपनीचे नाव दिलेले नाही, कारण दोन कंपन्यांच्या मालात जेवढा फरक मला आढळला, त्याहून अधिक फरक एकाच कंपनीच्या, परंतु दोन वेगळ्या दुकानांत ठेवलेल्या पुड्यांमध्ये आढळला. हा माल जिवंत असतो, आणि मे महिन्यात ज्या शहराचा पारा ४५ अंशांच्या वर जातो, तेथे तो विकणाऱ्याच्या कपाटापर्यंत जिवंत पोहोचला काय, आणि पोहोचल्यावर जिवंत ठेवला गेला काय, हाच खरेदीतला पहिला प्रश्न आहे.

रसायने सोडण्यामागे फार मोठे तत्त्वज्ञान नाही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना शेतकरी-शेतमजुरांना झालेली विषबाधा विदर्भात कोणी विसरलेले नाही. पण त्याहून व्यवहारातले कारण असे की फवारणीनंतर तोडणीपूर्वी जे दिवस थांबायचे असतात, ते परसबागेत पाळताच येत नाहीत. भेंडी दिवसाआड तोडली नाही तर निबर होते. शेतकरी तोडा पुढेमागे करू शकतो, परंतु घरच्या चार झाडांवरची भेंडी आज फवारली आणि उद्या भाजीत गेली, असेच होते.

आता दुकानांविषयी. कॉटन मार्केट परिसरातील एका जुन्या दुकानात जैविक पुड्या दर्शनी काचेच्या कपाटात, दुपारचे ऊन थेट पडेल अशा जागी मांडलेल्या होत्या. याबाबत विचारले असता, "काका, पावडरच तर आहे, तिला काय होते?" असे उत्तर मिळाले. त्या पावडरीत बुरशीचे बीजाणू असतात आणि काचेमागच्या उन्हात ते मरतात, हे विकणाऱ्यालाच ठाऊक नसेल तर वेष्टणावरच्या आकड्याला अर्थ उरत नाही. याउलट दुसऱ्या एका लहान दुकानात हाच माल आतल्या अंधाऱ्या खोलीत, कूलरच्या वाऱ्यात ठेवलेला दिसला, कामगंध सापळ्यांच्या (नर पतंगांना गंधाने ओढणाऱ्या सापळ्यांच्या) गोळ्या फ्रिजमध्ये होत्या आणि मालकाने स्वतःहून उत्पादनाची तारीख दाखवली. तेथे भाव थोडा जास्त होता. तो देणे योग्य आहे, असे माझे मत झाले.

वेष्टणावर चार गोष्टी पाहाव्यात. कीटकनाशक कायदा, १९६८ अन्वये मिळालेला नोंदणी क्रमांक, सूक्ष्मजीवाचे पूर्ण नाव, उत्पादन व मुदतीची तारीख, आणि प्रति ग्रॅम जिवंत घटकांची किमान संख्या, जिला दुकानदार 'सीएफयू' म्हणतात. ट्रायकोडर्मा व्हिरिडी या रोगांवर चालणाऱ्या बुरशीच्या १ टक्का भुकटीत ही संख्या प्रति ग्रॅम किमान २० लाख, तर बिव्हेरिया बॅसियाना या किडी मारणाऱ्या बुरशीच्या १.१५ टक्के भुकटीत किमान १० कोटी असावी लागते. ही माहिती ज्यावर नाही, केवळ हिरव्या पानांचे चित्र आणि 'शंभर टक्के जैविक' एवढेच छापलेले आहे, अशा बाटल्यांची संख्या दुकानांत कमी नाही. अशी एखादी बाटली फवारून मावा रात्रीतून साफ झाला, असे कोणी कौतुकाने सांगितले तर त्या कौतुकाकडे संशयाने पाहावे. कोणतीही बुरशी किंवा जिवाणू एका रात्रीत एवढे काम करत नाही. त्या बाटलीत लेबलावर न लिहिलेले काहीतरी असण्याची शक्यता अधिक.

आमच्या बागेत सर्वांत जास्त उपयोगी ठरलेले उत्पादन म्हणजे ट्रायकोडर्मा. ते किडींवर चालत नाही, रोगांवर चालते, तरीही त्याला पहिला क्रमांक द्यावा लागतो. कारण नागपूरची भारी काळी माती पावसाळ्यात पाणी धरून ठेवते आणि कोवळी रोपे जमिनीलगत सडून कोलमडणे हा इथल्या वाफ्यांचा नेहमीचा रोग आहे. ट्रायकोडर्मा ही मातीतच राहणारी बुरशी रोगकारक बुरशीच्या धाग्यांना वेढा घालते, त्यांच्या भिंती विरघळवणारी विकरे सोडते आणि मुळांभोवतीची जागा व अन्न आधीच बळकावून बसते. म्हणजेच हा उपाय रोग येण्यापूर्वी करायचा आहे. मान टाकलेल्या वांग्याच्या झाडाला तिचे पाणी घालून ते झाड उभे राहील, ही अपेक्षा व्यर्थ आहे, आणि दुकानदार मात्र बहुधा त्याच प्रसंगी ही पुडी हातात देतात.

वापरण्याची पद्धत सोपी आहे. चांगले कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत घेऊन त्यात दर किलोमागे १० ग्रॅम भुकटी मिसळावी, हाताने दाबल्यास मूठ वळेल इतपत ओलावा द्यावा आणि ओल्या गोणपाटाखाली सावलीत आठ-पंधरा दिवस ठेवून मग वाफ्यात टाकावे. या मुदतीत गोणपाट उचलून पाहिले असता खताच्या ढेकळांवर आधी पांढरा कापसासारखा थर आणि नंतर त्यावर शेवाळी हिरवी बुकणी दिसू लागली, तर पुडी जिवंत होती असे समजायला हरकत नाही. खत तयार करण्याआधीच खात्री करायची असेल तर उकडून गार केलेल्या थोड्या भातावर चिमूटभर भुकटी टाकून डबा सैल झाकून ठेवावा. चार-पाच दिवसांत हिरवा थर आला नाही, तर ती पुडी कामाची नाही. हिरवी वाढ झाली म्हणजे ती ट्रायकोडर्माच, असे मात्र यावरून सिद्ध होत नाही, कारण इतर बुरशीही हिरव्या असतात. ही चाचणी मेलेला माल ओळखण्यापुरती आहे. चाचणीचा भात अर्थातच फेकून द्यावा. दर्शनी कपाटातल्या पुडीचा भात जसाच्या तसा वाळून गेला, हे येथे नमूद करतो.

दुसरा क्रमांक बीटीचा, म्हणजे बॅसिलस थुरिंजिएन्सिस या जिवाणूच्या भुकटीचा. विदर्भात हे नाव काढताच समोरचा माणूस कापसाच्या बियाण्याविषयी बोलू लागतो, म्हणून खुलासा आवश्यक आहे. २००२ साली भारतात परवानगी मिळालेल्या बीटी कापसात या जिवाणूचा जनुक झाडाच्या पेशींत घातलेला असतो. पुडीत मात्र जिवाणूचे बीजाणू आणि त्याने तयार केलेले प्रथिनांचे स्फटिक एवढेच असते, आणि त्याने झाडाच्या गुणसूत्रांत काहीही बदल होत नाही. हा जिवाणू जपानमध्ये १९०१ साली रोगट रेशीमकिड्यांत सापडला आणि १९१५ साली जर्मनीतील थुरिंजिया प्रांतावरून त्याला नाव मिळाले. अळीने फवारलेले पान खाल्ले की तिच्या आतड्यातील अल्कधर्मी रसात ते स्फटिक विरघळतात, आतड्याचे अस्तर फुटते आणि अळी उपाशी मरते. माणसाच्या जठरातील रस आम्लधर्मी असतो आणि हे विष ज्यावर चिकटते ते ग्राहीही आपल्या आतड्यात नसतात.

फुलकोबीवर येणाऱ्या चौकोनी ठिपक्यांच्या पतंगाच्या लहान हिरव्या अळ्यांवर याचा परिणाम डोळ्यांनी पाहता येतो. संध्याकाळी फवारणी केल्यावर दुसऱ्या दिवशी अळ्या पानावर तशाच असतात, आणि इथेच बहुतेकांचा धीर सुटतो. परंतु नीट पाहिले तर पानाला नवे भोक पडलेले नसते आणि अळीच्या खाली ताजी विष्ठा दिसत नाही. आणखी एक-दोन दिवसांत तीच अळी मऊ पडते, काळपट होते आणि पानाच्या शिरेला चिकटून राहते. काडीने ढकलली तर तिची नुसती लगदासदृश रेघ उरते. भुकटी एक ते दोन ग्रॅम प्रति लिटर पुरते. अळी मोठी झाल्यावर परिणाम मंदावतो, आणि उन्हाने हे प्रथिन लवकर निकामी होते, त्यामुळे सूर्य कलल्यावर, पानांच्या खालच्या बाजूस, आणि अळ्या लहान असतानाच फवारावे. एक सूचना आवर्जून करावीशी वाटते: बीटी काय किंवा पुढे येणारी बिव्हेरिया काय, रेशीमकिडा यांच्या दृष्टीने शत्रूच आहे. भंडारा-गडचिरोलीकडे ज्यांच्या गावात टसरचे काम चालते, त्यांनी त्या बाजूला हे नेऊन फवारू नये.

बीटीची मर्यादा वांग्यात कळते. शेंडे व फळे पोखरणारी अळी अंड्यातून निघाल्यावर काही तासांतच शेंड्यात किंवा फळात शिरते. एकदा आत गेली की ती फवारलेले पान खातच नाही, त्यामुळे तिच्यावर पोटातून जाणारे विष निरुपयोगी. येथे विकला जाणारा उपाय म्हणजे कामगंध सापळा. मादी पतंगाच्या गंधासारखा कृत्रिम गंध असलेली छोटी गोळी, तिच्याखाली नरसाळे आणि त्याखाली प्लास्टिकची पिशवी, अशी ही साधी रचना असते. वस्तू म्हणून ती टिकाऊ आणि स्वस्त आहे, गोळी महिना-दीड महिन्याने बदलावी लागते, आणि निरनिराळ्या किडींच्या गोळ्या एकाच हाताने लागोपाठ हाताळू नयेत, कारण गंध मिसळतो. तिच्याकडून काय अपेक्षा ठेवायची, याबाबत मात्र दुकानात सांगितले जाते ते अर्धेच खरे आहे. सापळ्यात केवळ नर अडकतात. सलग एकरभर वांग्यात अनेक सापळे लावल्यास माद्यांना जोडीदार मिळणे कठीण होते आणि कीड घटते. आपल्या सहा-आठ झाडांवर मात्र शेजारच्या आवारात मिलन करून आलेली मादी खुशाल अंडी घालते. म्हणून परसबागेत हा सापळा सूचनाफलक समजावा: पिशवीत पतंग दिसू लागले की रोज सकाळी मान टाकलेले शेंडे शोधून, अळीच्या खाली दोन बोटे अंतरावर खुडून, बागेत न टाकता बंद पिशवीत घालून नष्ट करायचे. किडीच्या प्रमाणात खरी घट या खुडण्यानेच होते.

कारल्यावरील फळमाशीचा सापळाही नरांपुरताच आहे, आणि तेथे याहून खात्रीचा उपाय म्हणजे फळ धरल्याबरोबर त्याला कागदी किंवा जुन्या पातळाच्या कापडाची पिशवी बांधणे. गळालेली, वाकडी फळे मातीत पडू देऊ नयेत. अळ्या तेथेच कोषात जातात. पांढऱ्या माशीसाठीचे पिवळे चिकट पत्रे स्वस्त आहेत आणि घ्यावेत, पण झाडाच्या उंचीला लावावेत. वर टांगले तर त्यांवर भलतेच कीटक चिकटतात.

बुरशीजन्य कीटकनाशकांबद्दल माझे मत ऋतूवर अवलंबून आहे. दुकानांत प्रामुख्याने तीन मिळतात: बिव्हेरिया, मेटॅऱ्हिझियम आणि लेकॅनिसिलियम, ज्याला विक्रेते अजूनही व्हर्टिसिलियम म्हणतात. १८३५ साली इटलीतील अगोस्तिनो बासी यांनी रेशीमकिड्यांचा पांढरा रोग एका बुरशीमुळे होतो हे दाखवून दिले, आणि त्यांच्याच नावावरून बिव्हेरियाच्या नावातील 'बॅसियाना' हा भाग आला. बीजाणू किडीच्या अंगाला चिकटतो, तेथेच रुजतो, कवच भेदून आत शिरतो आणि काही दिवसांत कीड मारतो. ती खाल्ली जाण्याची गरज नसते, त्यामुळे मावा, पांढरी माशी, तुडतुडे, पिठ्या ढेकूण अशा रस शोषणाऱ्या किडींवर ती चालते. परंतु रुजण्यासाठी तिला हवेत भरपूर ओलावा आणि २० ते ३० अंशांच्या आसपासचे तापमान लागते. नागपुरात हा योग जुलै ते सप्टेंबर आणि फार तर ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत जुळतो. त्या दिवसांत लेकॅनिसिलियम ५ ग्रॅम प्रति लिटर या प्रमाणात, पाऊस उघडलेल्या संध्याकाळी, आठवड्याच्या अंतराने दोनदा फवारल्यावर भेंडीवरची पांढरी माशी लक्षात येण्याइतकी कमी झाली. मार्च ते मृगापर्यंत हाच खर्च म्हणजे पैसे वाऱ्यावर उधळणे होय, आणि तरीही याच महिन्यांत, पिठ्या ढेकणांनी जास्वंद-वांगी भरून जातात म्हणून, या पुड्यांची विक्री होताना दिसते. उन्हाळ्यात पिठ्या ढेकणांवर पाण्याचा जोरदार फवारा, साबणाचे सौम्य पाणी आणि बुंध्याशी चढणाऱ्या मुंग्यांचा बंदोबस्त हेच चालते. मुंग्या त्यांच्या अंगातून पाझरणाऱ्या गोड चिकट्यासाठी त्यांना राखतात आणि त्यांना खाणाऱ्या किड्यांना हुसकावून लावतात.

मेटॅऱ्हिझियम मातीत द्यायचे असते, हुमणी आणि वाळवीसाठी. कुंड्यांत हुमणी निघाल्यास चाळणीने माती चाळून ती वेचणे अधिक सोपे आहे. या तिन्ही पुड्या मिसळताना नळाचे ताजे पाणी न वापरता उघड्या बादलीत रात्रभर ठेवलेले पाणी वापरावे, आणि ज्या पंपातून पूर्वी बुरशीनाशक फवारले आहे तो पंप वापरू नये. तोंडावर रुमाल बांधावा. जिवंत असली तरी ती बारीक धूळच आहे आणि काहींना तिची ॲलर्जी होते.

ट्रायकोकार्ड हे उत्पादन उत्तम आहे, पण घरगुती ग्राहकाने घेऊ नये. पोस्टकार्डाएवढ्या जाड कागदावर धान्यातील कोर्सायरा पतंगाची साधारण २० हजार अंडी चिकटवलेली असतात, त्या प्रत्येकात ट्रायकोग्रामा या एक मिलिमीटरहून लहान गांधीलमाशीचे पिल्लू वाढत असते, आणि बाहेर निघालेली माशी बोंडअळी किंवा खोडकिडीची अंडी शोधून त्यांत आपली अंडी घालते. ऊस, भात, कापूस यांच्या सलग शेतात यामुळे खरोखर फवारण्या वाचतात. नागपुरात ते मागणी नोंदवून आणावे लागते, आणल्यावर फ्रिजमध्ये ठेवूनही थोडेच दिवस थांबते, आणि वांग्याच्या चार झाडांवर पट्ट्या कापून लावल्या तर त्यांतील बराचसा भाग मुंग्या नेतात. उरलेल्या माश्या यजमान अंडी न मिळाल्याने निघून जातात किंवा मरतात. एकरी दोन-तीन कार्डांचा हिशेब ज्या मालासाठी आहे, तो गच्चीवर नेण्यात अर्थ नाही. हेच घाटेअळी मारणाऱ्या विषाणूच्या उत्पादनाबद्दल म्हणता येईल. तूर-हरभऱ्यासाठी चांगला, आपल्या गरजेपुरते लहान माप मिळत नाही.

मापाचा हा प्रश्न एकंदरीतच गंभीर आहे. जेथे १९०६ पासून महाराजबागेत कृषी महाविद्यालय आहे आणि १९७६ पासून केंद्रीय कापूस संशोधन संस्था आहे, त्या शहरात जाणकारांची उणीव नाही. परंतु दुकानातली पुडी किलोची, आणि बागेची गरज वर्षाला पाव किलोची. फोडलेली किलोची पुडी वर्षभर पुरवून वापरणे म्हणजे जुने विरजण पुन्हा पुन्हा लावण्यासारखे आहे, शेवटी दही धरत नाही. रोपवाटिकांत आणि ऑनलाइन मिळणाऱ्या शंभर-दोनशे ग्रॅमच्या पुड्या प्रति ग्रॅम कितीतरी महाग पडतात, तरी त्याच घ्याव्यात, किंवा कॉलनीतील तीन-चार घरांनी किलोची पुडी वाटून घ्यावी. आमच्या गल्लीत आता दुसरा मार्ग चालतो आणि तो समाधानकारक आहे. ऑनलाइन मागवायचे असल्यास उन्हाळ्यात मुळीच मागवू नये. तापलेल्या गाडीत तो माल किती वेळ पडून होता, हे कोणालाही सांगता येणार नाही.

जे विकत घ्यावे लागत नाही, त्याचेही परीक्षण येथे आवश्यक आहे, कारण ते नसेल तर वरील कोणतीच पुडी पुरत नाही. चवळीच्या शेंड्यावर काळा मावा दाटला की हात लावण्यापूर्वी पाहावे: त्यांत काही मावे फुगलेले, गवती-तपकिरी रंगाचे, हलत नसलेले दिसतात, आणि त्यांतील काहींच्या पाठीवर सुईने पाडावे तसे गोल छिद्र असते. ते परोपजीवी माशीने आतून पोखरलेले मावे आहेत. त्याच शेंड्यावर राखी-काळ्या अंगाची, नारिंगी ठिपक्यांची, काट्यांसारखे केस असलेली लांबट अळी फिरत असेल तर ती ढालकिड्याची, म्हणजे लेडीबर्डची पिल्ले होत, आणि लोक नेमकी तीच कीड समजून चिरडतात. अशा शेंड्यावर काहीच फवारू नये, जैविकही नाही. या मित्रकिडींना टिकवण्यासाठी वाफ्याच्या कडेला झेंडू, मोहरी, बडीशेप असावी आणि सांभाराची चार रोपे न उपटता फुलू द्यावीत. त्या बारीक फुलांतला मध बारीक परोपजीवी माश्यांच्या उपयोगाचा असतो.

राहिला कडुनिंब. तो सूक्ष्मजीव नव्हे, वनस्पतिजन्य अर्क आहे, परंतु दुकानात याच फळीवर असतो. अझाडिरॅक्टिन या त्यातील मुख्य घटकाच्या ३००, १,५०० आणि १०,००० पीपीएम (दहा लाख भागांत इतके भाग) अशा बाटल्या मिळतात आणि घरच्या बागेला मधली पुरते. तथापि विदर्भात जून-जुलैत निंबोळ्यांचा सडा पडतो, तो गोळा करून, गर धुऊन, सावलीत वाळवून ठेवल्यास लिटरमागे ५० ग्रॅम कुटलेला निंबोळीचा मगज रात्रभर भिजवून, दुहेरी फडक्याने गाळून, चिमूटभर साबणचुरा घालून त्याच दिवशी संध्याकाळी फवारता येतो. बाटली केवळ त्यांनीच घ्यावी, ज्यांच्या वस्तीत निंबाचे झाड नाही.